घरासमोर मांडलेल्या चार खुर्च्या

मंगळवारची सकाळ, नेरमधली आमची कॉलनी, आमच्याच फाटकासमोरची जागा... तिथे जे झालं त्यावर हसावं की काय करावं, मला अजून कळलेलं नाही.

मी पक्की घरकोंबडी आहे. पुण्याच्या एका कंपनीचं काम लॅपटॉपवर घरूनच करते, भाजी दारावर येते, बाकी सगळं पार्सलने. नवरा, नितीन, नोकरीला मारेगावला असतो आणि शनिवारी येतो. घरात मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणते.

मामाजी पावसाळ्यात बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पाच महिने झाले, ते मागच्या खोलीतून बाहेर यायलाच तयार नव्हते. "कोठी जाऊ आता?" एवढंच म्हणायचे. मीही फार आग्रह केला नाही... खरं तर मला ते पटायचंच.

मग माझाच रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी अगदी तळाला. डॉक्टर म्हणाल्या, सकाळी बाहेर बसत जा.

आता बाहेर म्हणजे कुठे? आणि बाहेर बसून करायचं काय? इंटरनेटवर कोणी म्हणतं डोंगर चढा, कोणी म्हणतं सायकल घ्या. एकाने मात्र सोपं लिहिलं होतं... घरात जे करता, तेच बाहेर बसून करा. हे जमण्यासारखं होतं.

म्हणून मंगळवारी केस धुतले आणि चार खुर्च्या फाटकाबाहेर नेऊन कडुलिंबाजवळ मांडल्या. एक मला, एक पाय ठेवायला, एक चहाला आणि एक तुरीच्या शेंगांच्या टोपल्याला. चहा आणि टोपलं आणायचं होतं, म्हटलं आधी जरा टेकू.

ऊन डोळ्यांत जाऊन सारखं पाणी येत होतं. मी ओढणीने पुसत होते. समोरच्या तारेवर एक वेडा राघू येऊन बसला, हिरवागार... नऊ वर्षं इथे राहते, पण हा पक्षी आमच्या गल्लीत आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या शोभाकाकू आल्या. डोक्यावर पदर घेतला, शेजारी बसल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "काही बोलू नको बाई. कधी ना कधी होतेच हे."

मी चक्रावले. व्हिटॅमिनचं यांना कोणी सांगितलं? आणि त्याचं एवढं?

मग मागच्या गल्लीतले दोघं आले, हात जोडून उभे राहिले. त्यांच्यामागे काठी टेकत गुलाबराव. हे मामाजींचे जुने सोबती, दोघं कापसाच्या एकाच जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली मान घालून बसले. कोणीतरी आपल्या घरच्या आणखी दोन खुर्च्या आणल्या. चहा विचारावा का, मला तेही समजेना.

फोन वाजला. नितीन. या वेळेला तो कधीच फोन करत नाही.

"मी बसस्टँडवर आहो," त्याचा आवाज फुटत होता. "तू मले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगायचं?"

"बाबा गेले, अन् मले बाहेरच्याकडून कळावं?"

कोणी गेलं की मांडतात तशा घरासमोर खुर्च्या, ओले केस, डोळ्यांत पाणी... सगळ्यांना काय वाटलं होतं ते लख्ख कळलं. आणि त्याच वेळी आठवलं, सकाळपासून मी मामाजींच्या खोलीत डोकावलेच नव्हते. एक क्षण मलाही ते खरं वाटलं.

धावतच फाटकात शिरले. तर आतून खट... खट... आवाज. वॉकर घेऊन मामाजी दारात उभे.

"एवढे लोकं कायले जमले बाई?"

शोभाकाकू किंचाळल्याच. गुलाबरावांनी टोपी उचलून परत डोक्यावर घातली.

मी फोन मामाजींच्या कानाला लावला. पलीकडचं त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. "मी आहो ना बाबू," ते म्हणाले. "तू कायले रडून राह्यला?"

मग त्यांची नजर गुलाबरावांवर गेली. "पाच महिने आला नाही. अन् आज आला?"

"दोनदा आलतो," गुलाबराव म्हणाले. "दार बंद होतं. म्हटलं झोपला असन."

दार मीच लावून घ्यायचे. मीटिंगमध्ये बाहेरचा आवाज नको म्हणून.

मामाजीच म्हणाले, "आता आला आहे तर बस." दोन पायऱ्या उतरायला आम्हाला दहा मिनिटं लागली. खुर्चीत बसल्यावर त्यांनी तोंड उन्हाकडे केलं आणि डोळे मिटले.

मी सगळ्यांना चहा केला, शेंगांचं टोपलं आणलं. आणि भेटायला आलेली ती माणसं माझ्या तुरीच्या शेंगा सोलत बसली... नितीन निघालाच होता, तो दुपारी पोहोचला. बॅग ठेवली आणि बाबांच्या पायाशी जमिनीवरच बसला.

आता गुलाबराव रोज येतात. दोघं बराच वेळ उन्हात बसतात. मी बाजूला माझं काम घेऊन बसते. नितीनला शोभाकाकूंनीच कळवलं होतं, त्या मात्र अजून माझी नजर चुकवतात.

काकू, हे वाचत असाल तर सांगते, मनाला लावून घेऊ नका. माणसं चुकीच्या बातमीवर आली, पण आली... आणि मामाजी असताना आली.