तिरक्या तबकडीचं घड्याळ

आमचा काका शिंपी. दुसऱ्याने शिवलेला कपडा बघितला की त्याचे हात शिवशिवतात. पुढे हा रोग घड्याळांवर गेला. एकाचे काटे, दुसऱ्याची तबकडी, तिसऱ्याचा पट्टा असं जमवून तो जे मनगटावर बांधतो, त्याला बाबा ‘गोधडी’ म्हणतात.

बाबा त्याचे थोरले भाऊ. वस्तू जशी जन्मली तशीच मेली पाहिजे, हे त्यांचं मत. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक त्यांनी अजून काढू दिलेलं नाही.

अशात ताईला नर्सची नोकरी लागली. ताई आजोबांची फार लाडकी. पहिल्या दिवशी मनगटावर आजोबांचंच घड्याळ हवं, असा तिने हट्ट धरला. घड्याळ चालू होतं, पण सेकंदकाटा कधीच गळून पडलेला. आणि नाडी मोजायची तर सेकंदकाटा हवाच.

“त्यात काय! मस्त लाल काटा बसवतो,” काका म्हणाला.

“लाल?” बाबा ओरडले. “अण्णांचं घड्याळ आहे ते, सर्कस नाही! एक काटा बदललास की त्याची किंमत गेली.”

“आणि कपाटात पडून ती वाढतेय वाटतं?”

“राहू द्या, मी नवीन घेते,” ताई एवढंसं तोंड करून म्हणाली. बाबा तिथेच विरघळले.

“बसव. पण माझ्या डोळ्यांदेखत!”

जेवणाच्या टेबलावर पांढरा रुमाल पसरून शस्त्रक्रिया सुरू झाली. बाबा इतके वाकले की काकाला घड्याळाऐवजी त्यांचं टक्कलच दिसत होतं. काटा काही बसेना, कारण तबकडीच हलत होती. काकाने भावाकडे बघितलं. बाबांनी डोळे मिटून मान डोलावली. काकाने तबकडीची कड जराशी उचलली आणि खो-खो हसत सुटला.

“दादा, ही या घड्याळाची नाहीच! डिंकाने चिकटवलीय, आणि तीही तिरकी. बाराचा आकडा बघ, अकराच्या दारात जाऊन उभाय!”

आजोबा वेळ बघताना नेहमी कोपर उंच उचलायचे. आम्ही सगळे ती त्यांची ऐट समजत होतो. बाबांनी तर ती वारशात घेतली होती. स्वतःचं सरळसोट घड्याळसुद्धा ते कोपर उचलून, तिरकं करूनच बघत.

“म्हणजे अण्णांनीच...?” बाबा खुर्चीत बसले.

“मग कोणी? चपलासुद्धा अशाच चिकटवायचे. आणि शिव्या मात्र मी खाल्ल्या! थांब, आता सरळ बसवतो.”

“खबरदार!” बाबा ताडकन उठले. “अण्णांनी बसवलीय तशीच बसव. तीच अस्सल.”

“अरे, पण चूक आहे ती! असलं तिरकं काम माझ्या हातून बाहेर जाणार नाही.”

“इतकी वर्षं काय जात होतं मग?”

“काका,” ताई म्हणाली, “तबकडी तिरकीच. काटा लाल. आणि भांडण बंद.”

काकाने तोंड वाकडं करून तबकडी तिरकी बसवली, अगदी मापात तिरकी. ताईने घड्याळ बांधलं, बाबांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचं कोपर उचललं. हुबेहूब आजोबा! लाल काटा ऐटीत फेरीला निघाला.

“किती आहे गं?” बाबांनी विचारलं.

“मोजतेय. बोलू नका.”

“मग माझी बघ हं,” काका म्हणाला.

“काका, गप्प!”

दोघंही गप्प बसले. दोघे भाऊ घरात असून आवाज नाही म्हटल्यावर आई घाबरून स्वयंपाकघरातून पळत आली.