बंदुकीचा घास

आमच्या पाड्यातल्या काकड्यादादाने उभ्या जन्मात माणसावर बंदूक रोखली नाही. बापाची ठासणीची, रीतसर परवान्याची. भात पिकलं की शेतातल्या माळ्यावर बसून हवेत बार काढायचा, डुकरं पळायची, एवढंच तिचं काम. तरी निवडणूक आली की सरकारला आधी दादाचीच भीती. बंदूक ठाण्यात जमा!

मागच्या निवडणुकीत जमा केलेली बंदूक वर्ष उलटलं तरी तिथेच. यंदा डुकरांनी शेत लोळवायला सुरुवात केली, तेव्हा दादाने खेटे घातले. कळलं की बंदुकीच्या कारागिराने ठीक म्हटलं तरच ती परत मिळेल. तलासरीचा कारागीर देवजीभाई तपासायला येणार होता, त्या दिवशी मीच दादाला माझ्या जीपने ठाण्यावर नेलं.

देवजीभाईने नळीत गज घातला. तो तळाला जाईना. ठोकून नळी उलटी केली, तर काळं ढेकूळ पडलं. त्यात दाणे!

"काका, आ शुं छे? नळीत भात कोणी भरला?"

"नवं हाय ते," दादा म्हणाला.

नवं म्हणजे आमच्यात नवा तांदूळ आधी देवाला, मग घरच्यांना. दादाच्या घरी देवानंतर बंदुकीला, कारण पीक तिने राखलेलं. मूठभर दाणे रात्रभर नळीत राहतात, सकाळी काढून कोंबड्यांना टाकतात. त्या साली नेमका नव्याच्या संध्याकाळी पोलीसपाटील आला, बंदूक घेऊन आत्ताच्या आत्ता चल म्हणाला.

देवजीभाई हसला. मला त्याचा राग आला, आणि दादाचा त्याहून जास्त.

"अरे, निघताना दाणे काढायचे ना!" मी ओरडलो.

"जेवत होती ती," दादा म्हणाला. "तोंडातला घास कसा काढू?"

ओल्या दाण्यांनी आणि जुन्या दारूच्या काजळीने नळी आतून खाल्ली होती. देवजीभाई आता हसत नव्हता. "बार काढशील तर फुटेल, काका. तुझंच तोंड जाईल." बंदूक मोडीत निघाली. दादाने तिच्या दस्त्यावरून हात फिरवला आणि जीपमध्ये येऊन बसला.

पंधरा दिवसांनी त्याच्याकडे नवं होतं. डुकरांनी ठेवलेलं भात एका सुपात मावलं. देवाला दाखवून झालं, तशी दादाने मूठ भरली आणि बाहेर निघाला.

"कोणाला ते?" त्याची बायको जमनावहिनी म्हणाली.

"डुकरांना. रात्रभर शेतात आता तीच असतात."

आणि त्याने ती मूठ खरंच बांधावर नेऊन टाकली.