सावलीतला उडालेला लाल

त्या लाल स्पोर्ट्स कारचं प्रकरण मी विसरलेलो नाही. विसरायचंही नाही. पोलीस खात्यातून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आता सोसायट्यांच्या गेटवर रस्ता-सुरक्षेची पत्रकं वाटतो. पण त्या गाडीचा विषय निघाला की आवाज आजही चढतो. चढू दे.

तेव्हा मी नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. रविवारी सकाळी पाम बीच रोडवर गाडी दुभाजकावर आदळल्याचा कॉल आला. चालवणारा ऐरोलीचा, आयटी कंपनीतला तरुण. शेजारच्या सीटवर त्याची थोरली बहीण. ती जागीच गेली. तरुण एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. "मी नुसता ब्रेक दाबला, साहेब. चाकच आत दुमडलं."

कोण ऐकणार? लाल गाडी, दोन दारं, पंचविशीतलं पोरगं. गर्दीने निकाल देऊन टाकला होता, बापाच्या पैशावर उडवत होता म्हणून. बाप मार्केटमध्ये गोण्या वाहणारा, मूळचा साताऱ्याकडचा. गाडी पोराने स्वतःच्या पगारातून सेकंडहँड घेतलेली. पण हे विचारायला वेळ कोणाला होता? गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला: निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत. आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याच्या आईने सगळ्यांसमोर त्याच्यावर बोट रोखलं.

"माज्या लेकीला तू मारलंस. मला आई म्हनू नगंस."

पोरगं भिंतीला टेकून खाली बसलं. वर बघेचना.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातला फोन वाजला. पलीकडे वयस्क आवाज.

"सायेब, पोराला कशाला धरलंय? त्याची चुकी नाय. गाडी खालून सडलेली हाय. चुंबक लावून बघा, चिकटतंय काय."

"कोण बोलतंय?"

"शिरवन्याचा हाय. गॅरेजच्या समोर बसतो. नाव सांगून मार खाऊ काय?" फोन बंद.

ठाणे अंमलदार मॅडमच्या टेबलावर टाचण्यांची चुंबकाची डबी असायची. ती उघडून मी चुंबक काढून घेतलं.

"साहेब, माझ्या टाचण्या सांडल्या सगळ्या!"

"नवीन डबी आणून देतो. ही आता पंचनाम्यात जाणार."

पंच बोलावले, आवारातली जप्त गाडी जॅकवर उचलली, खाली शिरलो. दाराच्या पत्र्याला चुंबक टक्कन चिकटलं. पुढच्या डाव्या चाकाचा सगळा भार जिच्यावर, त्या चासीच्या पट्टीला लावलं, तर थेट माझ्या छातीवर पडलं. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली फायबरचं कापड, कापडाखाली भिजलेल्या बिस्किटासारखा गंज. पट्टी तिथूनच फाटली होती.

गंजलेली चासी दुरुस्त होते, यात गुपित काही नाही. कुजलेला भाग कापायचा, नवं लोखंड वेल्ड करायचं, कडेचा गंज चकचकीत धातू लागेपर्यंत घासायचा, केमिकल, प्रायमर, मग रंग. इथे पहिली सगळी कामं गाळून फक्त शेवटचं केलं होतं. आणि ते अगदी मन लावून!

गाडी विकणाऱ्याचं शोरूम नावड्याजवळ होतं. सगळे त्याला शेठ म्हणायचे. त्याने मला एसी केबिनमध्ये बसवलं, थंड मागवलं.

"जुनी गाडी आहे, साहेब. आधीच्या मालकाने कधीतरी करून घेतलं असेल. आपण फक्त पॉलिश मारतो आणि विकतो."

आधीचा मालक नेरूळचा. खाडीलगतच्या सोसायटीत, उघड्या पार्किंगमध्ये गाडी कित्येक वर्षं पडून होती, हे त्याने कबूल केलं. पण दुरुस्ती केली नाही म्हणाला. एकाचा जबाब हा, दुसऱ्याचा तो. अशा ठिकाणी तपास कुजतो आणि पोरगं आरोपी राहतं.

मी परत गाडीकडे गेलो. डिकीतली मॅट उचलली, स्टेपनीच्या खड्ड्यात टॉर्च मारला. आतला लाल गडद, नव्यासारखा; त्याला कधी ऊन लागलंच नव्हतं. बॉनेट मात्र वर्षानुवर्षं उन्हात भाजून नारिंगीकडे झुकलेलं. मग खाली वाकून चासीची ती पट्टी पाहिली. तिचा रंग बॉनेटसारखा उडालेला!

गाडीच्या पोटाखाली ऊन कुठून येणार? म्हणजे रंग उडाला नव्हता, उडालेल्या गाडीशी जुळवून नवा लावला होता. म्हणजेच काम झालं ते गाडी उन्हात सडून झाल्यावर; आणि त्या पार्किंगमधून ती थेट शेठच्या क्रेनने ओढून नेल्याची नोंद सोसायटीच्या गेटवर होती, म्हणजे काम शेठच्या ताब्यातच झालं.

फोनवाल्याने ज्याचा उल्लेख केला होता, त्या शिरवण्याच्या गॅरेजमधला पेंटर आणून बसवला. अर्धा दिवस त्याचं एकच पालुपद: ही गाडी पाहिली नाही. दमदाटी केली असती तर तो आणखी मिटला असता. कारागिराला मार सोसतो, नाव ठेवलेलं सोसत नाही. मी शेजारच्या शिपायाला मोठ्याने म्हटलं, "जाऊ दे याला. एवढं भिकार मॅचिंग याचं नसेल. कुण्या शिकाऊने मारलंय."

तो ताडकन उठला. "भिकार? ओ साहेब, पेट्रोलचं झाकण काढून नेलं होतं मी सॅम्पलला! उन्हात धरून शेड काढलीय. बॉनेटच्या बाजूला लावून बघा ना, फरक दाखवा!"

शिपायाने जबाबाची वही पुढे ओढली. त्यालाही कळलं. तो हळूहळू खाली बसला.

"मी बोललो होतो शेठला. कापा, वेल्डिंग करा. ते बोलले, गिऱ्हाईक खाली वाकतं काय? वरून चमकव, खालून लपव."

प्रयोगशाळेचा अहवाल आला: पट्टीवरच्या रंगाची शेड त्या झाकणाशी जुळत होती. तो शेठसमोर ठेवला, तेव्हा त्याने काय म्हणावं? "साहेब, असली गाडी शोची असते. एवढी पळवायची कशाला?"

मला हात आवरावा लागला. रस्त्यावर पळायला गाडी विकतोस, आणि पळवली म्हणून चालवणाऱ्यालाच दोष देतोस? त्याच्यावर सदोष मनुष्यवध आणि फसवणूक लावली, पेंटरलाही आरोपी केलं. पोराविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल कोर्टात गेला.

ते सांगायला मी स्वतः ऐरोलीला गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच ते. आईने दार उघडलं. मी सगळं सांगितलं. गंज, पुट्टी, रंग. ती उभीच.

"म्हंजी त्यो जोरात चालवत न्हवता?"

"नाही, बाई. कोणीही चालवली असती तरी चाक गेलंच असतं."

तिने आतल्या बंद दाराकडे पाहिलं. "जामिनावर सुटून आला तवापासनं आत हाय. ताट दारात ठेवतो आमी. सायेब, मी त्याला चारचौघात म्हनले, तू मारलंस. आता कसं म्हनू, न्हाई मारलंस?"

ती दारापाशी गेली, कडीवर हात ठेवला, काढून घेतला. मग दाराला कपाळ टेकून हाक मारली, "बाळा." दार उघडलं नाही. तिने परत हाक मारली. मी जिना उतरलो तरी ती हाक मारतच होती.

या केसने मला एक शिकवलं: चकचकीत गाडी आणि तरुण पोरगं दिसलं की आपण दोष पोराच्या माथी मारून मोकळे होतो, आणि चकचकीत करणारा एसीत बसून राहतो. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा कपडे मळू द्या, खाली झोपा, चुंबक लावा. विकणारा हसला तर हसू दे. मी शेठवर लावता येतील ती सगळी कलमं लावली. त्या बंद दारासाठी एकही कलम सापडलं नाही.