नीमाच्या वाट्याचं पाणी

सटवाजी माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक. गाव हट्टा. मेव्हण्याने दाजीची खेचायची ही आपल्याकडची रीतच आहे, आणि वारंगा फाट्यावरच्या माझ्या हॉटेलात चहा गाळता गाळता ती मी इमानेइतबारे पाळत आलो. ज्या माणसाचं पाऊल नांदेडच्या पलीकडे पडलं नव्हतं, तो माणूस विमानात बसून आफ्रिकेतल्या नैरोबीला निघाला, तेव्हा तर मला चघळायला चांगलंच सापडलं. आता मात्र दाजींवर दुसऱ्या कुणी विनोद केला की माझं डोकं फिरतं.

माझी भाची पुनम आणि जावई तिकडे नोकरीला आहेत. लेकीने हट्ट धरला म्हणून दाजी गेले. म्हशींपायी बहीण घरी राहिली. पण शेतकऱ्याला सोफ्यावर किती बसवणार? चार दिवसांत दाजी फ्लॅटच्या खिडकीला चिकटले. मग पुनम त्यांना आपल्यासोबत एका बालगृहात घेऊन गेली. लांबच्या खेड्यांतली गरीब, आजारी लेकरं तिथे राहून शहरातल्या दवाखान्यात उपचार घेतात. पुनम सुट्टीच्या दिवशी तिथे मदतीला जायची. दाजी रोज जाऊ लागले.

बालगृहामागे थोडी पडीक जमीन होती. दाजींनी कुदळ मागून घेतली आणि वाफे पाडले, मेथी लावली, पालक लावला. भाषेची अडचण त्यांना जाणवलीच नाही, कारण ते सगळ्यांशी हट्ट्याच्याच मराठीत बोलत. लेकरं त्यांना बाबू म्हणायची. तिकडे आजोबाला बाबू म्हणतात. मी फोनवर विचारलं, काय बाबूसाहेब, इथे पोत्याला हात लावायला मजूर लागतो अन् तिथे फुकटात खोदून राहिले?

त्या लेकरांत नीमा नावाची सात-आठ वर्षांची पोरगी होती. तिच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा तिला रक्त शुद्ध करायला मशीनवर नेत. दाजी कुठेही असले तरी ती त्यांच्यामागे फिरायची. कुठल्याच लेकराला बाहेरचं खायला द्यायचं नाही, हे पुनमने पहिल्याच दिवशी दाजींना बजावलं होतं, आणि दाजींनी खिशातल्या शेंगदाण्यालाही कधी हात लावला नाही. पण पाणी हे खाण्यात धरतात, असं आपल्याकडच्या कुठल्या माणसाच्या डोक्यात येईल? आपल्या दारात दुश्मन जरी आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो आपण, मग काहून आला ते विचारतो.

एका दुपारी नीमा दवाखान्यातून परतली. ओठ सुकलेले. वाफ्याच्या कडेला येऊन बसली आणि दाजींच्या बाटलीकडे बोट केलं. दाजींनी बाटली दिली. तिने ती घटाघटा रिकामी केली. त्यांनी परत भरून आणली, तीही तिने संपवली. लेकराची तहान भागली म्हणून दाजी खूश.

किडनी काम करत नसली की प्यालेलं पाणी अंगातच साठत जातं. संध्याकाळ व्हायच्या आत नीमाला धाप लागली आणि तिला तसंच दवाखान्यात न्यावं लागलं. काय झालं ते कुणालाच कळेना. दाजींना पाणी पाजताना कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर बोट त्यांच्याकडे गेलंच नसतं. दाजींनी पुनमला फोन करून बोलावून घेतलं, भाषेसाठी तिला पुढे घातलं आणि तिथल्या मुख्य सिस्टरबाईंना सगळं सांगून टाकलं. बाई ओरडल्या नाहीत. उद्यापासून वाफे बघा, लेकरांच्या जवळ जाऊ नका, एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन दाजी पुनमला म्हणाले, "माझं तिकीट काढ, बाई. लेकरू वाचलं तरी त्याला तोंड कसं दाखवू म्या?"

पुनम माझीच भाची, ती कशाला ऐकते. तिने तिकीट काढलं नाही. दाजी दुसऱ्या दिवशी परत वाफ्यावर गेले आणि मान खाली घालून खुरपत बसले.

नीमा वाचली. परत आली ती थेट वाफ्यावर आली आणि पुन्हा बाटलीकडे बोट केलं. आता दाजींची खरी परीक्षा होती. त्यांनी बाटलीतलं पाणी पालकाच्या वाफ्यात ओतलं आणि रिकामी बाटली तिच्या हातात दिली. पोरगी रुसली, रडली, पाठ फिरवून बसली. दुपारी सिस्टर तिच्या हिश्श्याचं पाणी घेऊन आल्या, औषधाच्या कपाएवढं. दाजींनी खुणेने तसाच एक कप स्वतःसाठी मागितला. आणि त्या दिवसापासून संध्याकाळी बालगृहातून घरी जाईपर्यंत दुपारचा तो एवढासा कप सोडला तर दाजींनी पाण्याला तोंड लावलं नाही. कुदळ हाणायचे, घाम पुसायचे आणि कपाची वाट बघायचे. पुनम चिडली, म्हणाली, बाबा, तुमच्या तहानेनं तिचा आजार बरा होणार हाय का?

दाजी म्हणाले, "न्हाई होणार. पर एकटीनं तहानेलं ऱ्हाणं लय वंगाळ."

पोरीच्या ते ध्यानात आलं. आधी ती नळाला ओठ लावताना सापडायची, ते बंद झालं. दुपार झाली की दाजींच्या शेजारी येऊन बसायची. दोघं आपापला कप घोट घोट पुरवून प्यायची. पुढे सिस्टरबाईंनीच लेकरांजवळ जायची बंदी उठवली.

निघायच्या दिवशी दाजी तिचा निरोप घ्यायला गेले. सिस्टरांनी नीमाचा कप आणला, दाजींचा आणायला त्या विसरल्या. नीमा आपल्या कपातलं अर्धं पाणी प्याली आणि उरलेलं तिने दाजींच्या पुढे धरलं. सगळी दुपार काढायला तिला मिळणारं पाणी ते. सिस्टर बघत होत्या, पण मध्ये बोलल्या नाहीत.

हे दाजी माझ्या हॉटेलच्या बाकड्यावर बसून सांगत होते. मी विचारलं, मग काय केलं तुमी? मला वाटलं, परत केलं म्हणतील.

"पिलो म्या," दाजी म्हणाले. "देताना हात थरथरत न्हवता तिचा. न्हाई कसं म्हणावं?"

असा माणूस माझा दाजी आहे, आणि हे मी ट्रक थांबवून थांबवून सांगतो.