पांढऱ्या दाण्यांचा डबा

शिकागोच्या पश्चिमेला, उपनगरं संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथे आमची छोटी रेल्वे आहे. दोन जुनी डिझेल इंजिनं, एक यार्ड, एकच मार्ग. मोठ्या रेल्वेने आणून सोडलेले मालाचे डबे आम्ही पिठाच्या गिरणीत, लाकडाच्या वखारीत, खतांच्या गोदामात आणि प्लास्टिकच्या कारखान्यात नेऊन लावतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार. कुठला डबा कुठे लावायचा याची यादी करणं हे माझं काम.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. तालुक्याची शाळा, मग वसतिगृह, मग शिष्यवृत्तीवर इथे. पदवी हातात असूनही व्हिसाचं नाव काढलं की लोक फोन ठेवायचे, तेव्हा या रेल्वेच्या बॉसनी मला नोकरी दिली. त्यांच्यासाठी मी आजारपणातही कामावर गेलो आहे.

डबा हवा असेल तर कारखान्याने त्या दिवशी सकाळी नऊच्या आत ईमेल करायचा, असा नियम. पण उशिरा फोन आला तरी आम्ही सांभाळून घेतो. छोटी रेल्वे चालते ती अशीच.

प्लास्टिकच्या कारखान्यातला माल-व्यवस्थापक पुण्याचा, राहायला शॉमबर्गला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. पहिल्याच फोनवर माझं आडनाव ऐकून तो मराठीत शिरला. "अरे वा, मग आता आपलीच रेल्वे की!" दिवसभर इंग्रजी ऐकून थकलेल्या कानांना ते इतकं बरं वाटलं की मी त्याला दादा म्हणू लागलो. त्याने कधी ईमेल केला नाही आणि मी कधी मागितला नाही. चूक माझी एवढीच.

सप्टेंबरात त्याचे दोन डबे आले. एकात पांढरे प्लास्टिकचे दाणे, एकात काळे. फोनवर तो म्हणाला, काळा पुढे लाव.

"दादा, पुढे नेहमी पांढरा असतो ना? पांढऱ्याची टाकी पुढे आहे."

"टाक्या बदलल्यात रे. लाव तू बिनधास्त."

टाक्या बदललेल्या नव्हत्या. त्याच्या माणसांनी डबा न तपासता नळी जोडली आणि पांढऱ्या मालाची अख्खी टाकी काळ्या दाण्यांनी नासली.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या ऑफिसात आला. बॉस, इंजिन चालवणारा म्हातारा आणि डबे जोडणारी कंडक्टर बाई, सगळ्यांसमोर इंग्रजीत म्हणाला, "मी पांढराच सांगितला होता. याच्याबरोबर कम्युनिकेशनचा प्रॉब्लेम आहे." बोलणं मराठीत झालेलं, लेखी काही नाही, साक्ष कोण देणार? माझ्या फाइलला ताकीद लागली. त्याहून वाईट म्हणजे कंडक्टर बाई माझ्या यादीतला एकेक डबा माझ्यासमोर गिऱ्हाइकांना फोन करून तपासू लागली.

जाताना पार्किंगमध्ये त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनावर घेऊ नको यार. तुम्हा लोकांना ऐकून घ्यायची सवय असते."

तुम्हा लोकांना. त्या दोन शब्दांवर मी पाच महिने काढले. गिरणीचे, वखारीचे उशिरा आलेले फोन मी हसून घेत होतो. त्याच्याशी गोड बोलत होतो. फक्त एकच सवय लावून घेतली होती. त्याच्याकडून प्रत्येक गोष्ट लेखी घ्यायची, आणि तो विसरेल त्या दिवसाची वाट बघायची.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी बाराला त्याचा फोन आला. पांढरे दाणे संपत आले होते. डबा आमच्या यार्डात उभा होता आणि दोन वाजता आमचं इंजिन त्याच्या फाटकावरूनच जाणार होतं.

"एक डबा सोड ना जाता जाता."

"ईमेल नाही आला, सर."

"सर काय रे? विसरलो. मशीन बंद पडेल, सोमवारपर्यंत काय करू?"

"नऊची वेळ आहे, सर."

तो आधी हसला, मग चिडला, मग चक्क विनवू लागला. मला मजा येत होती, हे मी लपवणार नाही. बंद मशीनमुळे घरी जावं लागेल अशा कामगारांचा विचार मनात आला होता. मी तो बाजूला सारला.

"सप्टेंबरात तुम्ही काय सांगितलं होतं ते खरं लिहा," मी म्हणालो. "माझ्या बॉसला. इंग्रजीत. मग डबा येतो."

"ब्लॅकमेल करतोस?"

"यादी करतोय."

त्याने फोन आपटला. रेडिओवर कंडक्टर बाई दोनदा विचारून गेली, त्या डब्याचं काय करू? थांबा, म्हणालो. दोनला दहा मिनिटं असताना ईमेल आला. चार ओळी. "काळा पुढे लावायला मीच सांगितलं होतं, चूक माझी होती." मी रेडिओ उचलला आणि डबा जोडायला सांगितलं.

संध्याकाळी बॉसनी बोलावलं. ईमेल पडद्यावर उघडा होता. त्यांनी फाइलमधून ताकीद काढून माझ्यासमोर ठेवली.

"मला तेव्हाच अंदाज होता," ते शांतपणे म्हणाले. "पण आपलं सर्वात मोठं गिऱ्हाईक तो. कुणावर तरी घ्यावं लागलं. तू समजूतदार आहेस."

माझ्या तोंडून थँक यू निघून गेलं. सवयीने. मग मी दारापाशी जाऊन परत वळलो. ज्याच्यावर मी पाच महिने दात धरून होतो तो निदान खोटं बोलून सुटला होता. यांनी खरं ओळखूनही मला पुढे केलं होतं, कारण मी ऋणी होतो आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये तुम्ही हे सगळ्यांना सांगा," मी म्हणालो.

"त्याची गरज आहे का?"

"आहे. आणि तुम्हाला तेव्हाच अंदाज होता, तेही सांगा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. एवढी वर्षं त्यांच्यासमोर मी आधी नजर खाली घ्यायचो. त्या दिवशी त्यांनी घेतली.

सोमवारी त्यांनी सांगितलं, हातातल्या कॉफीकडे बघत, घाईघाईने. दुसरं वाक्य गिळायला निघाले तेव्हा मी घसा खाकरला. मग तेही बोलले. म्हाताऱ्याने बॉसकडे बघत एक शिवी हासडली. कंडक्टर बाईने यादी घेतली, घडी घालून खिशात टाकली आणि कुणालाही फोन न करता इंजिनाकडे निघाली.