अकरा बायांचा एक लेख

एस्टान्सिया गावच्या किनाऱ्यावर मासळी चिरून खारवणारी पासिंग दोर्दास गेली सात वर्षं मोबाईलवर ब्लॉग लिहीत होती. विषय काय, तर मासळी, वारा आणि व्यापाऱ्याची लबाडी. तिची लिहायची रीत मात्र न्यारी. लिहिलेलं आधी सोबत चिरायला बसणाऱ्या दहा बायांना वाचून दाखवायचं. कुणी म्हणायची, "हे खोटं गं," तर कुणी आपल्याच चार ओळी घुसडायची. तिकडं होडी ओढायची, आख्खं घर उचलून दुसरीकडं न्यायचं, सगळं दाग्यावनं. म्हणजे आपली इर्जिकच, सगळ्यांनी मिळून हात लावायचा. लेखही तसाच निघायचा.

औंदा इलोइलो शहरात ब्लॉगवाल्यांची परिषद भरणार होती. लेख आधी पाठवायचा. पसंत पडला तर मंचावर दहा मिनिटं बोलायचं. पासिंगनं लेख धाडला, खाली अकरा नावं. दुसऱ्या दिवशी परिषदेचं काम बघणाऱ्या रेमियाचा फोन. पासिंगला ती मानांग म्हणायची, म्हणजे ताई.

"मानांग, लेख झकास झालाय. पण नाव एकच चालतं, नियम आहे. तुमचंच ठेवा."

"मग लेखाचा अकरावा हिस्साच छापा की!"

"उद्या दुपारपर्यंत बदललं नाहीत तर बाद होईल हो."

फोन बंद झाला तशी म्हातारी इलियांग सुरी पुसत म्हणाली, "टाक गं बये तुझं एकटीचं. आमची नावं वाचून कोण चार मासळ्या जास्त नेणाराय?"

"आणि तुझ्या नवऱ्याची दारू लेखात आलीय, ती?" दुसरी एक तिला म्हणाली. " लोक म्हणतील, पासिंगचाच नवरा!"

बाया फिदीफिदी हसल्या. पासिंग हसली नाही. मंचावर उभं राहायची तिला सात वर्षांची हाव होती. पण दहाजणींचं बोलणं आपल्या नावावर खपवून? ते काही जमायचं नव्हतं.

सकाळी वाळवणाच्या मांडवावर मासळी पसरली, हात धुतले आणि ती परिषदेचा फॉर्म उघडून बसली. नावाच्या चौकटीत एकच नाव मावत होतं. शीर्षकाच्या चौकटीला मात्र कुणी कुंपण घातलेलं नव्हतं. तिनं तिथं इलियांगपासून अकराही नावं एकापाठोपाठ लिहिली आणि पुढं जोडलं, 'यांनी सांगितलेली खाऱ्या मासळीची हकीकत'. दुपारच्या आत धाडून मोकळी.

संध्याकाळी रेमियाचा फोन. "मानांग, हे शीर्षक आहे का मतदारयादी?"

"नियमात बसतंय का, तेवढं सांग."

पलीकडं हसू फुटलं. "बसतंय. लेख घेतला. पण मंचावर नुसतं शीर्षक वाचायलाच दोन मिनिटं जातील."

"जाऊ देत. उरलेल्या आठात बाकीचं बसवते," म्हणत पासिंगनं फोन कमरेला खोचला, आणि दव पडायच्या आत मासळी गोळा करायला निघाली.