भाऊजी आणि मागच्या दाराची नदी

पाणी हुंगून माणसाची किंमत ठरवणारा माणूस साऱ्या पांढुर्ण्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीच्या वाट्याला आला. भाऊजींचं बाजारात कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक पॉपलीनचा भाव विचारत उभं असायचं आणि हे त्याला विचारायचे, "कोण्या विहिरीचं पाणी पिता तुम्ही?" लग्नाच्या पंगतीत बाकीचे लोक आधी बुंदीकडे पाहतात, हे पेला उचलून नाकाशी न्यायचे. बोरगावला आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी असाच पेला हुंगला, खाली ठेवला आणि नवरदेवाच्या बापाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्या विहिरीत कबुतर मेलं हाय." वऱ्हाडी मंडळी पेले हातात धरून बसून राहिली. आमच्या काकांचा चेहरा पाहवत नव्हता. दुसऱ्या दिवशी विहिरीतून खरंच कबुतर निघालं, पण त्यानं काकांचा राग कमी झाला नाही, उलट वाढला. "चांगल्या पाण्याले वासच नसते, मास्तरीणबाई," असं भाऊजी मला सांगायचे. मी सौंसरला मुलींच्या शाळेत शिकवायची, म्हणून मी मास्तरीणबाई. माझ्या घरी आले की चहाच्या आधी माठाची परीक्षा व्हायची, आणि मी पास झाले की नाही हे ते कधीच स्पष्ट सांगत नसत. मला त्याचा भयंकर राग यायचा.

पुढं दुकान, मागं घर, आणि घराच्या मागच्या दाराला लागून एक नाला वाहायचा. वाहायचा म्हणजे काय, पडून असायचा. त्या ओळीतल्या सगळ्या दुकानांची तोंडं रस्त्याकडे आणि पाठी नाल्याकडे. जे नको ते मागच्या दारातून फेकायचं, ही साऱ्या ओळीची रीत. संत्र्यांच्या पेट्यांमधलं तणस, सरकीचा कचरा, फुटकी बरणी, सगळं तिथं. एका पावसाळ्यात मागच्या ओसरीवर ठेवलेलं कापडाचं एक कोरं ठाण पाण्यात गेलं आणि भाऊजी धोतर खोचून ते शोधायला उतरले. ठाण काही मिळालं नाही. पण गाळात चाचपडताना त्यांच्या पायाला दगडी पायरी लागली, तिच्याखाली दुसरी लागली, आणि भाऊजी तिथंच कमरेएवढ्या घाणीत उभे राहून ओरडायला लागले, "अवं, घाट हाय इथं! भुजलीचा घाट हाय!" ताईनं दार लावून घेतलं.

घाट होता हे खरं. आमच्याकडे राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजली असते. टोपलीत गहू पेरून अंधारात वाढवायचे आणि त्या दिवशी बायांनी ती पिवळी रोपं डोक्यावर नेऊन वाहत्या पाण्यात धुवायची. मग त्याचे तुरे एकमेकांच्या कानात खोचायचे. भुजली देणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. वर्षभराचं भांडण तिथं संपतं. भाऊजी लहान असताना त्यांच्या मोठ्या बहिणीनं ह्याच पायऱ्यांवर भुजली धुतली होती. पुढं ती बाळंतपणात गेली. भाऊजी तिच्याबद्दल कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. नंतर पाणी घाण झालं आणि बाया टोपल्या घेऊन दूर जाम नदीवर जायला लागल्या. पायऱ्या गाळाखाली गेल्या आणि गावाच्या ध्यानातूनही गेल्या.

तेव्हापासून भाऊजींनी दुकान जवळजवळ सोडलं आणि नाला धरला. घरात त्याला नाला म्हणायची बंदी झाली. "नदी म्हणा," ते म्हणायचे, "जसं म्हणान तसं ते वागन." नाल्यात सापडलेल्या एकेकट्या चपला त्यांनी मागच्या भिंतीवर ओळीनं टांगल्या, म्हणजे ज्याची त्याला ओळखू यावी आणि लाज वाटावी. लाज कोणालाच वाटली नाही. काही लोक मात्र जोडी जमते का ते पाहून गेले. त्याच्याही पुढची त्यांची खोड म्हणजे कचरा परत नेऊन देणं. कचऱ्यावरून मालक ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. नवी पिशवी काढायची, त्यात ती घाण नीट भरायची, आणि मालकाच्या दुकानात जाऊन हात जोडून म्हणायचं, "तुमची वस्तू वाहत आलती माह्याकडं." ओळीच्या टोकाला संत्र्याचा मोठा व्यापार करणारे एक शेटजी होते. त्यांच्या गादीवर भाऊजींनी अशी पिशवी ठेवली तेव्हा समोर नागपूरचे व्यापारी बसलेले होते. शेटजी काही बोलले नाहीत. न बोलणारा माणूस रागावला की मला भीती वाटते, आणि ती खरी ठरली.

भाऊजींनीही एक घोळ केलाच. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी माणसं लावून गाळ काढला आणि त्याच जोशात काठावरचं हिरवं म्हणून जे जे होतं ते उपटलं. बेशरमाची झुडपं उपटली हे ठीक, पण लव्हाळा, पाणकणीस, वाळा, सगळं साफ. नाला मुंज झालेल्या मुलासारखा दिसायला लागला. पावसाच्या पहिल्याच सरीत मोकळे काठ ढासळून आत आले, पाणी डबक्या-डबक्यांत साठलं आणि पूर्वीपेक्षा जास्त घाण सुटली. मी त्या आठवड्यात पांढुर्ण्याला गेले तर साऱ्या घरात उदबत्त्या लावलेल्या. ताई माझ्याशी बोलत होती, पण त्यांच्याशी नव्हती. "माह्या पायाले त्या पाण्याचा थेंब लागला तर मी सौंसरले निंगून येईन," ती मला म्हणाली, त्यांना ऐकू जाईल असं. भाऊजी खरंच खचले होते. मग एक दिवस ते नाल्याच्या कडेकडेनं चालत वर संत्र्याच्या बगिच्यांपर्यंत गेले. तिथं पाणकणसाची दाटी होती आणि तिच्यातून पलीकडे निघणारं पाणी निवळ होतं. परत आले ते ओरडतच. "मास्तरीणबाई, पाण्याले धुनारं तेच व्हतं अन् मीच ते उपटलं!"

दिवाळीनंतर त्यांनी उपटलेलं सगळं परत लावायला घेतलं. वाळा बगिच्यातून आणला, कर्दळीचे कंद तिगावच्या स्टेशनाजवळच्या एका अंगणातून मागून आणले. जिथं मागून मिळाले नाहीत तिथं कसे आणले ते मी विचारलं नाही. माझ्या शाळेच्या दारातली कर्दळ त्याच सुमारास गायब झाली एवढं मात्र मला ठाऊक आहे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कर्दळीला लाल फुलं आली, डबकी एकमेकांना जोडली गेली आणि पाणी हळूहळू पायऱ्यांवरून सरकायला लागलं.

आणि नेमकं तेव्हाच दुकानदारांची बैठक झाली. नाल्यावर स्लॅब टाकायचा आणि वर नवी दुकानं काढायची असं शेटजींनी मांडलं. सगळ्यांना पटलं, कारण सगळ्यांना जागा मिळणार होती, भाऊजींनाही. लोखंड आणि गिट्टी येऊन पडली. भाऊजी बैठकीत उभे राहिले आणि घाटाबद्दल बोलायला लागले, तसे लोक हसले. शेटजी हसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, तुमी त्याले नदी म्हणता ना? यंदाच्या भुजलीले गावातल्या एका बाईनं त्या पाण्यात टोपली बुडवून दाखवावी. मी ह्या सळाखीले हात लावणार नाही. अन् नाही बुडवली तं?"

"तं पहिली सळाख मी उचलून देतो," भाऊजी म्हणाले.

ताईनं मला हे सांगितलं. गावातली कोणती बाई त्या पाण्यात भुजली बुडवणार होती? त्यांची स्वतःची बायको पाय लावायला तयार नव्हती. नागपंचमीला गहू पेरले गेले. टोपलीतले कोंब वर येत होते, तसे भाऊजी सुकत चालले होते. जेवत नव्हते. सकाळ-संध्याकाळ पायरीवर बसून ओंजळ नाकाशी न्यायचे आणि पाणी सोडून द्यायचे. मी रजा काढून राखीलाच तिथं गेले. ताईची टोपली देवघराच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली होती. "कुठं नेशीन?" मी विचारलं. तिनं टोपलीवरचं झाकण नीट केलं.

भुजलीच्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं आणि आंबूस भपकारा घरात शिरला. घाटाच्या वरच्या अंगाला कोणीतरी संत्र्याची गळ आणून ओतली होती. श्रावणात झाडाखाली गळून कुजलेली ती हिरवी-काळी फळं कर्दळीत अडकून पायऱ्यांवर पसरली होती. कोणी ओतली ते आजवर कळलं नाही. शेटजींनी ओतली असं मी म्हणणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. भाऊजी नेसत्या धोतरानिशी पाण्यात उतरले आणि फळं उचलून काठावर फेकायला लागले. मीही पदर खोचून उतरले. मास्तरीणबाई कमरेएवढ्या पाण्यात कुजकी संत्री वेचतेय, हे पाहायला साऱ्या ओळीची मागची दारं उघडली. एका दारात शेटजी हात मागे बांधून उभे होते.

आम्ही निम्मंही काढलं नव्हतं तोवर बायांची गाणी ऐकू आली. गल्लीच्या तोंडाशी वाट फुटते, एक जाम नदीकडे जाते आणि एक घाटाकडे. तिथं गाणं थांबलं. डोक्यावर टोपल्या घेऊन बाया उभ्या राहिल्या. घाटाकडे पाहायच्या आणि एकमेकींशी कुजबुजायच्या. दोघी-तिघी नदीच्या वाटेला वळल्यासुद्धा. भाऊजींनी वर पाहिलं नाही, त्यांचं वेचणं चालूच होतं.

तेवढ्यात मागच्या दारातून ताई आली. डोक्यावर टोपली, नवं लुगडं, चेहरा असा की माझीही बोलायची हिंमत झाली नसती. ती पायऱ्या उतरली आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबली. सगळी गल्ली ऐकत होती.

"हुंगा," ती त्यांना म्हणाली. "अन् खरं सांगा. खोटं सांगितलं तं ह्या घरात पाय ठेवणार नाही मी."

भाऊजींनी ओंजळ भरली. मी मनातल्या मनात विनवत होते, म्हणा नाही येत वास, एकदा खोटं बोला, काय बिघडतं! त्यांनी ओंजळ नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि ते कितीतरी वेळ उघडलेच नाहीत.

"येते," ते म्हणाले.

शेटजींच्या दारातून कोणीतरी हसलं.

"कायचा येते?" ताईनं विचारलं.

"संत्र्याचा." भाऊजींनी पुन्हा हुंगलं. "संत्र्याचा येते. दुसरा काहीच नाही."

वरून एक म्हातारी बाई म्हणाली, "अवं, मंग संत्र्याचा वास तं माह्या गोधडीलेबी येते!" आणि बाया हसायला लागल्या. खरंच होतं. ज्या गावात उशीपासून उंबऱ्यापर्यंत संत्र्याचा वास, तिथं त्याला घाण कोण म्हणणार? ताईनं पाय पाण्यात घातला. पायाला थेंब लागला तर माझ्याकडे निघून येणारी माझी बहीण गुडघ्याएवढ्या पाण्यात गेली आणि तिनं टोपली बुडवली. माती धुऊन गेली, पिवळे तुरे तिच्या हातात राहिले. मग दुसरी उतरली, मग घाटावर जागा पुरेना. नदीकडे वळलेल्या बायाही परत आल्या.

ताईनं पहिला तुरा भाऊजींच्या कानात खोचला. मला वाटलं ते आता रडतील. पण ते तसेच ओले, घाणेरडे, एक तुरा हातात घेऊन शेटजींच्या दारात गेले. मागून सारी गल्ली.

"कोण्या पाण्यातली हाय?" शेटजींनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांदेखत विचारायचं होतं.

"मागच्या नदीतली."

शेटजींनी त्या तुऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढली आणि मान खाली केली. भाऊजींनी त्यांच्या कानात भुजली खोचली, आणि शेटजींनी त्यांना त्या ओल्या धोतरासकट मिठी मारली. त्यांचा पांढरा सदरा खराब झाला, हे पाहून मला फार बरं वाटलं. लोखंड पुढं कित्येक पावसाळे तिथंच गंजत पडून होतं.

त्यानंतर दर वर्षी भाऊजी भुजलीच्या सकाळी एक गळलेलं हिरवं संत्रं नखानं फोडून वरच्या पायरीवर पाण्यात सोडायचे. "नेम हाय," म्हणायचे. संध्याकाळच्या बसनं तुरे ओल्या फडक्यात गुंडाळून सौंसरला माझ्याकडे यायचे, आणि कानात खोचायच्या आधी मला हुंगायला लावायचे. "कायचा येते?" "संत्र्याचा." मग खुश होऊन माझ्या माठाकडे संशयानं पाहायचे.

भाऊजी गेले त्या वर्षी भुजलीला मी पांढुर्ण्याला गेले नाही. जाववेना. संध्याकाळी दार वाजलं. दारात ताई एकटी उभी होती, हातात ओलं फडकं. तिनं फडकं सोडलं आणि तुरा माझ्या हातात दिला. सवयीनं मी तो आधी नाकाशी नेला.

संत्र्याचा वास आला. "तू टाकलं?" मी विचारलं.

"मंग कोण टाकन आता?" ताई म्हणाली, आणि पाणी प्यायला माठाकडे गेली. पेला भरला, तो तोंडाशी नेण्याआधी थोडं थांबून तिनं हुंगला.